सायकल चोरीला गेली. आता रेसर घ्यावी का?

रात्रीची जेवणे आटोपलेली असतात, भांडी घासायची राहिलेली असतात आणि मुंबईहून पोराचा फोन येतो. राहायला मुलुंडला, कामाला घाटकोपरला, असा तुमचा किंवा तुमच्या भावकीतला पोरगा. आवाज उतरलेला. चाळीच्या जिन्याखाली लावलेली सायकल सकाळी जागेवर नव्हती, एवढे दोन वाक्यांत कळते. घरची माणसे हळहळतात, मग कुणीतरी म्हणते, "जाऊ दे. मुंबईत सायकल हवी कशाला? रेल्वे आहे, बस आहे." महिन्याभराने त्याचाच पुन्हा फोन येतो. आता त्याला वाकड्या हँडलची, बारीक टायरची रेसर घ्यायची असते. किंमत ऐकून आजीच्या हातातली वात हातातच राहते.

हा लेख त्या दुसऱ्या फोनसाठी आहे. पैसे धाडायचे की नाही, हे तुम्ही घरात बसून ठरवालच. पण ठरवण्याआधी चार गोष्टी ठाऊक असाव्यात.

पहिली गोष्ट, मुंबईच्या उपनगरांत सायकल हवी कशाला? नकाशा पाहा. लोकलचे रूळ उत्तर-दक्षिण धावतात. बोरिवली, अंधेरी एका रुळावर. मुलुंड, घाटकोपर दुसऱ्या. आडवे जायचे तर ८ जून २०१४ रोजी घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो सुरू होईपर्यंत बस आणि रिक्षाशिवाय गत नव्हती, आणि अजूनही खोलीपासून स्टेशनपर्यंत व स्टेशनपासून कारखान्यापर्यंतची दोन टोके माणसाने आपली आपण सांभाळायची असतात. रिक्षाच्या रांगेत रोज अर्धा तास आणि महिन्याकाठी बरीच रक्कम जाते. मुलुंडहून घाटकोपर दहा-बारा किलोमीटर. तरण्या पोराला ते सायकलने अवघड नाही. तुमच्यापैकी कित्येकांनी हायस्कूलसाठी एवढीच वाट रोज मारली असेल, तीही चढाची.

दुसरे असे, की मुंबईतली सायकल ही आपल्याच लोकांच्या हाताखाली वाढली आहे. डबेवाले कोण? मावळ, मुळशी, आंबेगाव, जुन्नर, खेड या तालुक्यांतली शेतकऱ्यांची पोरे. १८९० पासून हा धंदा चालू आहे. घराघरांतून डबे गोळा करून स्टेशनवर आणायचे आणि तिकडच्या स्टेशनवरून कचेऱ्यांत पोचवायचे, हे काम काळ्या सायकलीवरच होते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, लोकल बंद झाल्या, डबे थांबले. बहुतेक डबेवाले गावी परतले आणि शेतात राबू लागले. सायकली मात्र स्टेशनांबाहेर खांबांना बांधलेल्या तशाच राहिल्या. पावसाळा गेला. माणसे परत आली तेव्हा कित्येक सायकली गंजून मोडीत निघाल्या होत्या आणि काहींच्या जागी नुसता खांब होता. काम पुन्हा सुरू करायचे तर आधी सायकल हवी, आणि सायकल घ्यायची तर हातात काम हवे. या कोड्यात पुष्कळ घरे अडकली. बैल मेल्यावर पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याची जी दशा होते, तीच ही.

या दशेवर इटलीत १९४८ साली एक चित्रपट निघाला होता. भिंतीवर जाहिराती चिकटवण्याची नोकरी एका गरिबाला मिळते, पण अट एकच, सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून गहाण पडलेली सायकल सोडवते, आणि पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या आपल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला. बिमल रॉय यांच्यावर त्याचा मोठा परिणाम झाला आणि १९५३ मध्ये त्यांचा 'दो बिघा जमीन' आला. सायकल गेलेल्या माणसावरून दिग्दर्शकाला जमीन जाऊ घातलेला शेतकरी सुचला, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. ज्याच्या हातचे साधन जाते त्याचे दुःख सगळीकडे एकच.

असो. आता चोरीचे बोलू. पोराला पहिल्याच फोनवर विचारा, "पोलिसात गेलास का?" बहुतेक पोरे जात नाहीत. सायकलसाठी कोण विचारतो, असे त्यांना वाटते. जायलाच हवे, आणि तेथे 'हरवली' असे लिहून घेऊ देऊ नये. हरवल्याचा दाखला वेगळा आणि चोरीची फिर्याद वेगळी. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३०३ कलमाखाली चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, मग चोरी त्यांच्या हद्दीत झालेली असो वा नसो. फिर्याद मोबाइलवरूनही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. सायकलचा विमा असेल तर या प्रतीवाचून पान हलत नाही.

यात एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या मालाची चोरी नव्या कायद्याने अदखलपात्र धरली आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय पोलीस तपासाला हात घालत नाहीत. जुन्या काळ्या सायकलची किंमत कुणी तीन हजार म्हटली, की प्रकरण तेथेच थंड होते. म्हणून बिल हवे. किती रुपयांना घेतली, कधी घेतली, हे कागदावर हवे. गरिबाची तीन हजारांची सायकल आणि हौशी माणसाची तीस हजारांची सायकल यांत कायद्याने असा फरक करावा, हे मला पटत नाही. पण आहे ते असे आहे.

आणि नंबर. बैलबाजारात पावती करताना रंग, शिंगे, वय, खुणा सगळे लिहून घेतो ना आपण? आता तर जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. पूर्वी ठिकठिकाणी सायकलवर कर असे आणि त्याचा पत्र्याचा बिल्ला सायकलला लागे. बिल्ला गेला, पण नंबर गेला नाही. सायकल उलटी करा. पायडलचा आस ज्या जाड नळीतून जातो तिच्या खालच्या अंगाला फ्रेमचा नंबर ठोकलेला असतो. तो बिलावर उतरून घ्यावा, त्याचा फोटो काढावा आणि एक प्रत गावी घरच्या कागदांत ठेवावी. चोरलेली सायकल सापडते तेव्हा ती ठाण्याच्या आवारात पडते आणि परत मिळायला न्यायालयाचा हुकूम लागतो. तेथे 'साहेब, ही माझीच' एवढ्यावर भागत नाही, नंबर जुळावा लागतो. बैल गेला आणि झोपा केला असे होऊ नये म्हणून हे काम नव्या सायकलच्या पहिल्याच दिवशी उरकावे.

स्टेशनबाहेर कुणी स्वस्तात जुनी सायकल दिली तर मोह टाळावा. कागद नसलेली सायकल दुसऱ्या कुणाच्या पोराची असू शकते, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हाच आहे.

आता रेसर. ही काही नुसती चैन आहे असे समजू नका. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये असल्याच सायकलींवर अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पार करण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पुरी केली. पण तुमच्या पोराला अमेरिका ओलांडायची नाही, घाटकोपर गाठायचे आहे. तेव्हा वस्तू पाहू.

काळी सायकल २० किलोच्या आसपास भरते, रेसर १० किलोच्या आसपास. काळीचा टायर दीड इंच रुंद, रेसरचा २५ ते २८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या बोटाएवढ्याहून थोडा जाड. त्यात हवा ८० ते १०० पौंड भरावी लागते. म्हणून ती रस्त्यावर सुरीसारखी जाते. आणि म्हणूनच पावसाळ्यात, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात हवा कमी असताना आदळली, की रिमच्या दोन्ही कडांत ट्यूब चिमटून एका वेळी दोन भोके पडतात. कॅरेज नाही, मडगार्ड नाही, डायनामो नाही, बहुतेकींना घंटासुद्धा नाही. डबा पाठीवरच्या पिशवीत न्यावा लागतो. दिवा, लाल दिवा, घंटा आणि हेल्मेट वेगळे विकत घ्यावे लागते, आणि ते किमतीत आधीच धरावे. बरी रेसर पंचवीस-तीस हजारांपासून सुरू होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा दुकानदाराकडून पक्के बिल घेताना तो किती लावला तेही पोराने पाहावे.

माझे मत विचाराल तर प्रश्न एवढाच, की सायकल दिवसभर उभी कोठे राहणार? ती खोलीपासून थेट कामाच्या जागेपर्यंत जात असेल, आणि दोन्हीकडे आत, दाराआड ठेवता येत असेल, तर रेसर खुशाल घ्यावी. १० किलोची सायकल खांद्यावर घेऊन तीन मजले चढणे अवघड नाही. पण स्टेशनबाहेर आठ-दहा तास उभी ठेवायची असेल तर रेसर घेऊ नये. तेथे काळीच बरी, किंवा सरळ हँडलची, थोड्या जाड टायरची साधी सायकल. बोरिवली-अंधेरीकडे राहणाऱ्याला आणखी एक सोय आहे. दहिसर-अंधेरीच्या दोन्ही मेट्रो मार्गांवर सायकल सोबत नेण्याची मुभा २०२२ मध्ये देण्यात आली. सायकल सोबत गेली, तर खांबाला बांधायचा प्रश्नच उरत नाही.

कुलपात कंजुषी करू नका. बारीक तारेचे कुलूप पकडीने तुटते, दाव्याची दोरी विळ्याने कापावी तसे. जाड पोलादी यू आकाराचे कुलूप घ्यावे आणि ते फ्रेम आणि मागचे चाक यांतून काढून पक्क्या खांबात अडकवावे. नुसते पुढचे चाक बांधून ठेवू नये. पुष्कळ रेसरची चाके दांडी फिरवली, की पान्याशिवाय निघतात. चोर फ्रेम घेऊन जातो आणि बांधलेले चाक तुमच्यासाठी ठेवतो.

सायकल आली तरी पोरगा लगेच सुटत नाही. पहिले काही दिवस त्याचे निम्मे लक्ष कामावर आणि निम्मे बाहेर उभ्या सायकलवर असते. रस्त्यातली प्रत्येक सायकल तो आपली तर नाही ना म्हणून पाहतो. याला उपाय म्हणजे बांधून ठेवायची वेळच येणार नाही अशी रपेट. रविवारी पहाटे गोरेगावहून आरेच्या रस्त्याने पवईकडे जावे. १९४९ मध्ये उभारलेल्या आरे वसाहतीत अजून म्हशींचे तबेले आहेत, शेणाचा आणि गवताचा वास आहे. गावची आठवण येईल. उजाडल्यावरच शिरावे, तेथे बिबट्या आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीपर्यंतचा चढही चांगला, आणि उद्यानात भाड्याने सायकल मिळते, तेव्हा नवी घेण्याआधी मोडलेली सवय तेथे जुळवून पाहता येते. मुलुंडपासून शीवपर्यंत तानसाच्या जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकलमार्ग महापालिकेने आखला. शहापूरकडच्या वाचकांना हे पाणी कोठून येते ते सांगायला नको. त्यातला कोणता तुकडा चालण्याजोगा आहे ते पोराने स्वतः पाहून घ्यावे. पवई तलावाकाठचा मार्ग तर उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी बेकायदा ठरवून काढायला लावला. सायकलवाल्यांना तो हवा होता, पण तलावाची जागा बुजवून वाट करणे योग्य नव्हते, असेच मला वाटते.

दिवाळीला पोरगा ती सायकल घेऊन गावी येणार असेल तर त्याला दोन गोष्टी आधी कळवा. रेसरच्या व्हॉल्व्हचे तोंड बारीक असते, आपल्या चौकातल्या दुकानाचा पंप त्याला बसत नाही. त्याची छोटी पितळी टोपी मिळते, ती खिशात असू द्यावी. आणि गोठ्याकडच्या वाटेवर बाभळीची काटेरी फांदी पडली असेल, ती तो येण्याच्या आदल्या दिवशी उचलून कुंपणाला लावून टाका.