मेळाव्यातल्या लाकडी वस्तूचा फोटो: वस्तू विकली गेली, तरी पुढची ऑर्डर आणणारा

लेथवर लाकूड कातून कलात्मक वाट्या, फुलदाण्या, डब्या बनवणाऱ्यांची अमेरिकेत १९८६ पासून एक मोठी संघटना आहे: अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स. तिच्या वार्षिक मेळाव्यात ‘इन्स्टंट गॅलरी’ असते. आलेले कारागीर आपापल्या वस्तू आणून टेबलांवर मांडतात. नवखा आणि नामवंत, शेजारी-शेजारी.

पण मेळावा काही दिवसांत उठतो. वस्तू विकली जाते, नाहीतर घरी परत जाते. मागे उरतो फक्त फोटो. तुम्ही सावंतवाडीच्या लाकडी वस्तू विकत असाल, तर तुमच्या स्टॉललाही हेच लागू आहे. फोटो बघणाऱ्याला वस्तू हातात घेता येत नाही, म्हणून हाताला जे कळतं ते फोटोतून कळलं पाहिजे.

१. आधी चकाकी आवरा. पॉलिश केलेल्या गोल वस्तूत हॉलचे सगळे दिवे दिसतात. फ्लॅश बंदच ठेवा. एक-दोन पावलं बाजूला सरकून बघा, डाग हलतो. तरी राहिला, तर दिव्याच्या बाजूने एक कार्डशीट आडवी धरा.

२. जवळ जाऊ नका. मोबाईल अगदी जवळ नेला की वाटीची पुढची कड फुगते आणि कारागिराने मेहनतीने काढलेला आकार बिघडतो. मागे या आणि फोनला झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा.

३. मागचा पसारा झाका. मागे दुसऱ्याची फुलदाणी आणि लोकांचे पाय नकोत. करड्या रंगाची कार्डशीट मागून वाकवून वस्तूखाली घ्या. करड्यावर फिकट आणि गडद, दोन्ही लाकडं उठून दिसतात.

४. रंग खरा ठेवा. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले की लाकडाचा रंग बदलतो. शक्यतो एकाच उजेडात फोटो घ्या. फिल्टर लावून शिसवी रंग आणलात, तर पार्सल परत येणार, आणि कुरिअरचा खर्च तुमच्याच खिशातून जाणार!

५. एका वस्तूचे चार फोटो. थोडा वरून, म्हणजे कड आणि आतला भाग दिसेल. सरळ समोरून, आकारासाठी. जवळून रेषांचा, उजेड एका बाजूने घेऊन. आणि हातात धरलेला, म्हणजे माप कळेल. लगेच पाचवा फोटो चिठ्ठीचा घ्या: लाकूड, माप, किंमत. नंतर पन्नास फोटोंत घोळ होत नाही.

आणि वस्तू दुसऱ्याची असेल तर? हात लावण्याआधी विचारा, फोटो टाकण्याआधीही विचारा आणि कारागिराचं नाव लिहा. त्याचं डिझाइन आपलं म्हणून दाखवणं हा धंदा नव्हे.

आजच करून बघा: घरातल्या एका लाकडी वस्तूचा फोटो मित्राला पाठवा आणि विचारा, “उंची किती असेल?” त्याचा अंदाज फारच चुकला, तर समजा, ग्राहकाचाही चुकणार. फोटो पुन्हा घ्या.