होडींतील विजेची तार

ठाण्यास खोपटच्या एस.टी. आगारांत उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी आणि तिचे दिवे यांचा संबंध पाहिला, तर वीज नेणारी तार बहुधा एकेरी असते. बॅटरीपासून निघालेला प्रवाह तारेनें दिव्यापर्यंत जातो आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून परत येतो. तेथून रेल्वे ओलांडून चेंदणीच्या कोळीवाड्यावरून ठाण्याच्या खाडीकडे गेलें, म्हणजे ही सोय संपते. मासेमारीची लहान होडी लांकडाची किंवा फायबरची असते. तिच्या अंगांतून वीज वाहत नाहीं. म्हणून तेथें जाण्याची एक व येण्याची एक, अशा दोन तारा ओढाव्या लागतात. बॅटरी व दिवा यांत सहा मीटरांचें अंतर असलें, तर विजेची वाट बारा मीटरांची होते. हा हिशेब विसरला जातो, आणि तार निवडण्यांतील पहिली चूक तेथेंच घडते.

दुसरी चूक घरगुती अनुभवामुळें होते. घराचें काम होऊन उरलेली तार होडीस चालेल, असें सहज वाटतें. परंतु घरांत विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. होडीच्या बॅटरीचा साधारणतः अवघा १२. साठ वॉटचा दिवा घरांत जेमतेम पाव अँपिअर प्रवाह घेतो. तेवढ्याच शक्तीचा पंप होडींत पांच अँपिअर घेतो. दाब जितका कमी, तितका त्याच कामास प्रवाह अधिक.

या प्रवाहाचें वाटेंत काय होतें? जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या नियमाप्रमाणें प्रवाहास तारेच्या रोधानें गुणिलें, म्हणजे वाटेंत किती व्होल्ट खर्ची पडले तें कळतें. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरास सुमारें ०.०१७५ ओहम असतो. समजा, होडीच्या तळांत सांचलेलें पाणी उपसणारा पांच अँपिअरचा पंप बॅटरीपासून सहा मीटरांवर आहे. बारा मीटर तारेचा रोध ०.२१ ओहम झाला आणि १.०५ व्होल्ट वाटेंतच गेले. पंपास अकरा व्होल्टही मिळाले नाहींत. दीड चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास ०.७ व्होल्ट जातात, अडीचची घेतल्यास ०.४२, आणि चारची घेतल्यास ०.२६. घरांत एका व्होल्टची तूट कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. होडींत तोच एक व्होल्ट म्हणजे बारावा हिस्सा होय.

होड्यांच्या वीजकामांत रूढ असलेला दंडक असा, कीं मार्गदर्शक दिवे व पाणी उपसण्याचा पंप यांच्या तारेंत तीन टक्क्यांहून अधिक दाब गमावूं नये. इतर किरकोळ उपकरणांस दहा टक्के चालतात. बारा व्होल्टांचे तीन टक्के म्हणजे ०.३६. वरील चार तारांपैकीं एकटी चार चौरस मिलिमीटरची तार या कसास उतरते.

येथें एक फसवी गोष्ट आहे. पांच अँपिअरनें दीड चौरस मिलिमीटरची तार फारशी तापत नाहीं. हातास ती गार लागते आणि मालक निश्चिंत होतो. परंतु पंपाची गति मंदावलेली असते, आणि तें कळतें तें पाणी चढूं लागल्यावर. दिव्याचेंही तसेंच. तंतूच्या दिव्याचा दाब दहा टक्क्यांनीं घटला, कीं प्रकाश सुमारें तीस टक्क्यांनीं उतरतो. डाव्या अंगाचा तांबडा आणि उजव्या अंगाचा हिरवा दिवा असा मंद झाला, तर समोरून येणाऱ्या मोठ्या नौकेस लहान होडी वेळेवर दिसेलच असें नाहीं. एलईडी दिव्यांस प्रवाह थोडा लागतो, त्यामुळें त्यांची तार बारीक चालते. पंपास मात्र ही सवलत नाहीं.

जाडीइतकेंच तारेच्या जातीसही महत्त्व आहे. यंत्राच्या सततच्या थरथरीनें एकेरी तार वांकून वांकून तुटते. म्हणून अनेक बारीक तारांचा पीळ असलेली तार घ्यावी. खाऱ्या हवेनें तांब्यावर हिरवा कळंक चढतो आणि जोडाच्या ठिकाणीं रोध वाढतो. तांब्या-पितळेच्या भांड्यांस ज्या कथलाची कल्हई करतात, त्याच कथलाचा लेप दिलेली तार होडीस उत्तम. जोड थोडे असावेत आणि तळच्या पाण्याहून उंच असावेत. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवावा आणि तारेस जेवढा प्रवाह सोसतो त्याहून मोठा नसावा. कारण दोन तारा चुकून एकमेकींस भिडल्या, तर बॅटरी शेंकडों अँपिअर ओतूं शकते, आणि आग लागली तर होडींतून पळावयास जागा नसते.

सारांश, अंतर मोजून दुप्पट करावें. त्यास प्रवाहानें व ०.०१७५ नें गुणून ०.३६ नें भागावें. येईल त्या आंकड्याच्या वरची, बाजारांत मिळणारी तार घ्यावी. वरील पंपास हें उत्तर २.९ येतें, म्हणून अडीचची नव्हे, चारची. काम झाल्यावर पंप चालू ठेवून बॅटरीशीं व पंपाशीं व्होल्टमापक लावून पाहावा. दोन्ही ठिकाणच्या आंकड्यांत ०.३६ हून अधिक अंतर आढळलें, तर दोष होडी कांठाला बांधलेली असतांनाच शोधून काढावा.