सांगितले तेवढेच: स्लाइडमधील लहान दुरुस्ती आणि एआय एजंट

लेखमाला: कामकरी यंत्रबुद्धी – लेखांक ६

भाषा-प्रारूप केवळ उत्तर लिहून न थांबता हाताशी दिलेल्या साधनांतून योग्य ते निवडून वापरते, त्याचा परिणाम वाचते आणि त्यावरून पुढचे पाऊल ठरवते, तेव्हा त्या संपूर्ण व्यवस्थेला ‘एजंट’ म्हणतात, हे मागील लेखांकात पाहिले. या लेखांकात त्या संकल्पनेची कसोटी वरकरणी साध्या कामावर पाहायची आहे: तयार सादरीकरणातील एखाद्या स्लाइडमध्ये लहानशी दुरुस्ती करणे. शीर्षकातील वर्ष बदलणे किंवा आलेखातील एक आकडा सुधारणे ही कामे किरकोळ भासतात. परंतु नवे सादरीकरण तयार करताना अनेक पर्यायांपैकी कोणताही चालून जातो, तर दुरुस्तीत सांगितलेले नेमके बदलणे आणि न सांगितलेले जसेच्या तसे राखणे या दोन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात. म्हणूनच दुरुस्ती करणाऱ्या एजंटाचे मोल त्याने किती बदलले यापेक्षा किती अबाधित ठेवले यावर ठरते.

यातील अडचण समजण्यासाठी फाइलची अंतर्गत रचना पाहावी लागते. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये मॅकिंटॉश संगणकासाठी बाजारात आले. आज सर्रास वापरली जाणारी ‘पीपीटीएक्स’ फाइल मात्र ऑफिस २००७ पासूनची असून, तिच्या मांडणीला २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. ही फाइल म्हणजे वस्तुतः झिप पद्धतीने बांधलेला अनेक फाइलींचा संच असतो. त्यात प्रत्येक स्लाइडची स्वतंत्र एक्सएमएल फाइल, म्हणजे खुणांनी बांधलेला मजकूर, असते. चित्रे वेगळी ठेवलेली असतात आणि कोणता भाग कोणाशी जोडलेला आहे याची नोंद आणखी वेगळ्या फाइलींत असते.

पडद्यावर सलग दिसणारे वाक्य या फाइलीत सलग असेलच असे नाही. परिच्छेदातील एकसारख्या स्वरूपाच्या तुकड्याला ‘रन’ म्हणतात. वाक्यातील एक शब्द ठळक केला, किंवा मजकूर टप्प्याटप्प्याने टंकला गेला, तरी त्याचे अनेक रन होतात. परिणामी ‘वार्षिक अहवाल २०२४’ ही अक्षरे शोधणाऱ्या साधनाला ती एकत्र सापडत नाहीत आणि संपूर्ण परिच्छेद नव्याने लिहिल्यास मूळचा ठळकपणा किंवा रंग नाहीसा होतो. दुसरी गुंतागुंत वारशाची आहे. शीर्षकाचा आकार वा रंग अनेकदा स्लाइडमध्ये नोंदलेलाच नसतो. तो आराखड्याकडून, म्हणजे लेआउटकडून, तेथे नसल्यास मास्टर स्लाइडकडून येतो, तर रंगसंगती थीमकडून येते. एजंटाने थीममधील रंगाऐवजी ठरावीक रंगसंकेत लिहून टाकला, तर आज फरक दिसत नाही, पण पुढे थीम बदलल्यावर तेवढाच भाग जुन्या रंगात राहतो.

आलेखाच्या बाबतीत धोका अधिक गंभीर आहे. पॉवरपॉइंटमध्ये तयार केलेल्या आलेखाचे आकडे सामान्यतः दोन ठिकाणी असतात: आत दडलेल्या एक्सेल पुस्तिकेत, आणि चित्र रेखण्यासाठी आलेखाच्या फाइलीत ठेवलेल्या प्रतीत. केवळ प्रत बदलली, तर स्तंभाची उंची बरोबर दिसते. मात्र कोणी माहिती संपादित करण्यासाठी पुस्तिका उघडली की जुना आकडा परत येतो. निर्णय घेणाऱ्यांसमोर मांडल्या जाणाऱ्या आकड्यांबाबत अशी छुपी विसंगती अक्षम्य आहे.

मराठी सादरीकरणांत याखेरीज लिपीचा प्रश्न येतो. एकाच मजकुरासाठी लॅटिन, पूर्व आशियाई आणि संमिश्र लिपींचे फाँट स्वतंत्रपणे नोंदवता येतात आणि देवनागरी संमिश्र लिपींत मोडते. त्यामुळे लॅटिन फाँट बदलून थांबणाऱ्या साधनाने मराठी मजकुरावर काहीच परिणाम होत नाही. कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेल्या जुन्या फाइलींत तर डोळ्यांना मराठी शब्द दिसत असले, तरी प्रत्यक्षात रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. मजकूर वाचून काम करणाऱ्या एजंटाला ती निरर्थक भासतात. अशा वेळी अंदाजाने दुरुस्ती न करता अडचण वापरकर्त्याला कळवणे हेच योग्य वर्तन ठरते.

या सर्वांवरून चांगल्या साधनाची घडण स्पष्ट होते. संपूर्ण स्लाइड पुन्हा लिहिण्याची मुभा देण्याऐवजी ‘या रनमधील मजकूर बदल’, ‘ही आकृती सरकव’, ‘आलेखातील हे मूल्य दोन्ही ठिकाणी सुधार’ अशा मर्यादित, नामनिर्देशित क्रिया प्रारूपाच्या हाती द्याव्यात आणि प्रत्येक आकृती तिच्या ओळख-क्रमांकाने निश्चित करावी. बदलानंतर दोन तपासण्या आवश्यक असतात. पहिलीत आधीची आणि नंतरची फाइल ताडून अपेक्षेबाहेरचा फरक शोधला जातो. दुसरीत स्लाइडचे चित्र तयार करून ते पाहिले जाते, कारण फाइलीत चौकटीची मापे इंचाला ९,१४,४०० एकके इतक्या सूक्ष्म परिमाणात असली, तरी ओळी कोठे तुटतील हे दाखवतानाच ठरते, आणि लांबलेला मजकूर चौकटीबाहेर गेला का हे नुसत्या आकड्यांवरून खात्रीने कळत नाही.

शेवटी फरकांची यादी माणसासमोर ठेवून त्याची संमती घेतली पाहिजे. सादरीकरणातील प्रत्येक विधानाची जबाबदारी ते मांडणाऱ्यावर असते, म्हणून त्याच्या नकळत एक अक्षरही बदलू नये, हा या साधनाचा पहिला नियम असायला हवा. ही संमती केव्हा मागावी आणि एजंटाला केव्हा स्वतःहून पुढे जाऊ द्यावे, या अधिकारमर्यादेच्या प्रश्नाचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.