फुगलेलं आतडं निरोगी असतं

१८८६ साली कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी बर्लिनमधल्या एका वैद्यकीय सभेत दोन बाळांची हकीकत मांडली. जन्मापासून शौचाला नीट होत नसलेली ही बाळं दगावली होती आणि त्यांचं मोठं आतडं प्रचंड फुगलेलं आढळलं होतं. फुगलेला भाग तोच रोगट, असं मानणं साहजिक होतं. पुढची कित्येक वर्षं शस्त्रक्रियेत तोच भाग काढला जाई आणि त्रास पुन्हा उद्भवे. १९४८ मध्ये बोस्टनचे शल्यविशारद ऑर्व्हर स्वेन्सन यांनी उलट बाजूने विचार केला. पोटावर शौचाचा मार्ग काढला की मुलं सुधारत, तो बंद केला की पुन्हा आजारी पडत. याचा अर्थ अडथळा खाली, दिसायला साध्या अशा अरुंद भागात होता. तो भाग काढून वरचं आतडं गुदद्वाराशी जोडलं, तेव्हा मुलं बरी झाली. फुगलेलं आतडं बिचारं निरोगीच होतं. बंद दारावर धडका देऊन ताणलं गेलं होतं.

दार बंद का राहतं, याचं उत्तर गर्भावस्थेत आहे. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचं स्वतःचं जाळं असतं. मुख्यतः गर्भाच्या मानेलगतच्या भागातून निघालेल्या पेशी साधारण पाचव्या ते बाराव्या आठवड्यात अन्ननलिकेकडून गुदद्वाराच्या दिशेने सरकत हे जाळं विणतात. त्या वाटेतच थांबल्या, तर तिथून शेवटापर्यंतचं आतडं चेतापेशींविना राहतं. स्नायू आवळायला जसा इशारा लागतो, तसा सैल सोडायलाही लागतो. तो न मिळाल्याने हा भाग आवळलेलाच राहतो. साधारण पाच हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो, मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा सुमारे चौपट. काही कुटुंबांत ‘रेट’ या जनुकातला बदल त्यामागे सापडतो. आईच्या डोहाळ्यांशी किंवा खाण्यापिण्याशी त्याचा संबंध जोडून तिला बोल लावणं सर्वस्वी अन्यायाचं आहे.

दिसणाऱ्या लक्षणाच्या मागे धावण्याची जुनी चूक आपल्या घरांतून अजून होते. पोट फुगलं की गुटी, एरंडेल, साबणाची कांडी. कांडीने थोडी शी होते, घर निश्चिंत होतं आणि निदान लांबतं. म्हणून बाळाने पहिली काळी, चिकट शी कधी केली, याची नोंद जन्मवेळेइतक्याच काळजीने व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. पूर्ण दिवसांच्या बहुतेक सगळ्या निरोगी बाळांना ती ४८ तासांच्या आत होते. ती लांबली, पोट फुगलं, हिरवी उलटी झाली, तर थांबू नये.

यावर कुणी म्हणेल, बद्धकोष्ठ मुलं तर घरोघरी असतात, उगाच भीती कशाला? आक्षेप रास्त आहे. बहुतेक मुलांचा त्रास आहारातून किंवा शी रोखून धरण्याच्या सवयीतून, पुष्कळ पुढे सुरू होतो. निव्वळ अंगावर पिणारं दीड-दोन महिन्यांचं बाळ चार-पाच दिवस शी न करताही खुशाल असू शकतं. म्हणूनच पहिल्या दोन दिवसांची नोंद मोलाची: साधं बद्धकोष्ठ आणि हा दोष यांतला फरक ओळखायला ती मदत करते. अर्थात ती एकटी पुरेशी नाही. दोष असलेल्या काही बाळांनाही पहिली शी वेळेवर होते. तिथे फुगणारं पोट आणि न वाढणारं वजनच बोलतं. पक्कं निदान गुदाशयातला कणभर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतं. एवढ्याशा जिवाचा तुकडा काढायचा, या कल्पनेने आईबाप हादरतात. पण तो जिथून घेतात, त्या अस्तराला वेदना जाणवत नाही.

लवकर निदान झालं, तर बऱ्याच बाळांची शस्त्रक्रिया आता पोटावर छेद न देता गुदद्वारातूनच, एका टप्प्यात होते. मेक्सिकोच्या शल्यविशारदांनी ही पद्धत १९९८ मध्ये मांडली. काहींना नंतरही बद्धकोष्ठ किंवा शौचावरचा ताबा सुटण्याचा त्रास उरतो, त्यामुळे तपासण्या चालू ठेवाव्या लागतात. उशीर झालेल्या बाळाच्या साचलेल्या आतड्यात मात्र जंतुसंसर्ग भडकू शकतो. ताप, दुर्गंधीयुक्त जुलाब, ताठ पोट, आणि काही तासांत जिवावर बेतू शकतं. अशा बाळाला बऱ्याचदा आधी पोटावर शौचमार्ग काढून पिशवी लावतात आणि ताणलेलं आतडं ओसरेपर्यंत मूळ शस्त्रक्रिया काही महिने पुढे ढकलतात.