कुशीवर वळण्याची विद्या

नांदेडला गोदावरीच्या घाटांवर किंवा लातूरकडील विहिरींत कमरेला डबा वा भोपळा बांधून पोहावयास शिकलेल्यांना मान उंचावून हात मारण्याचा शिरस्ता इतका अंगवळणी पडलेला असतो की, डोके वर येताच कंबर खाली बसते आणि पाण्याचा विरोध वाढतो, हे त्यांच्या सहसा ध्यानी येत नाही. फ्रीस्टाइलमध्ये खांदे व कंबर एकत्र वळली, म्हणजे हात दूरवर पोहोचतो, पाठीचे बलिष्ठ स्नायू कामी येतात आणि श्वासाकरिता मान उचलावी लागत नाही. एक डोळा पाण्यातच राहील, एवढे वळण पुरे. बॅकस्ट्रोकमध्ये मस्तक निश्चल हवे. स्पर्धेच्या कायद्याने अंग कलवण्यास मुभा आहे, परंतु 90 अंशांच्या आतच.

सरावासाठी एक हात पुढे लांबवून, दुसरा मांडीशी ठेवून कुशीवर सहा वेळा पाय मारावेत, मग सावकाश कूस बदलावी. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे कोरड्या मोसमात छातीवर हात बांधून, नजर समोर खिळवून, खांदे व कंबर एकदम वळविण्याचा अभ्यास अंगणातही अवश्य करावा.