पिकअपची किंमत आणि बसवण्याची मजुरी

गिटारचा पिकअप विकत घेताना दुकानदाराने सांगितलेली रक्कम फारशी घासाघीस न करता मोजणारा गृहस्थ तो बसवण्याच्या मजुरीचा आकडा ऐकताच एकदम हिशेबी होतो आणि ‘एक भोक पाडायचे नि एक वायर ओढायची, त्याला एवढे पैसे?’ असा सवाल घालतो, हा धोबीतलावापासून मडगावच्या बाजारापर्यंत सर्वत्र अनुभवास येणारा प्रकार आहे. वस्तूचे मोल आपल्याला मान्य असते. हाताचे मोल देताना मात्र आपण कुरकुरतो. वास्तविक या एका कामात तरी उलट रीत शोभली असती, कारण मध्यम प्रतीचा पिकअप निष्णात हातांनी बसवला तर सुरेल वाजतो आणि उंची पिकअप अडाण्याने बसवला तर सहापैकी दोन तारा मुक्या होऊन बसतात.

मुळात गिटारला हा उपद्व्याप कशासाठी, असे कोणी विचारील. लोखंडी तारांच्या गिटारची वरची फळी सुमारे तीन मिलिमीटर जाडीची असते आणि हलक्या तारांच्या संचाचासुद्धा तिच्यावर सत्तर किलोंच्या आसपास ताण असतो. त्या ताणातून निघणारा नाद दिवाणखान्याला पुरतो, परंतु ड्रम्स आणि बेस यांच्या सोबतीला तो हरवतो. समोर मायक्रोफोन ठेवावा तर वादकाने मूर्तीसारखे निश्चल बसावे लागते. म्हणून १९३१ साली अमेरिकेत जॉर्ज बोशॅम्प यांनी हवाईयन गिटारसाठी तारांच्या कंपनांचे विद्युतलहरींत रूपांतर करणारा चुंबकीय पिकअप घडवला व त्याचे पेटंट त्यांना १९३७ साली मिळाले. चुंबकाला केवळ पोलादाची भाषा समजते, त्यामुळे नायलॉनच्या तारांपुढे तो निरुपयोगी. दुसरा मार्ग त्याहून जुन्या शोधातून निघाला: काही स्फटिकांवर दाब पडला असता त्यांत विद्युतभार उत्पन्न होतो, हे ज्याक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्येच दाखवून दिले होते. हेलिकॉप्टर बांधणाऱ्या चार्ल्स कामन यांच्या ओव्हेशन गिटारांनी पुढे या दाबविद्युत पिकअपला रंगमंचावर प्रतिष्ठा मिळवून दिली.

मधल्या काळातले एक उदाहरण मोठे बोलके आहे. गिब्सन कंपनीने १९५४ साली कारखान्यातच पिकअप बसवलेली जे-१६०ई ही गिटार बाजारात आणली, आणि पुढे बीटल्सपैकी लेनन व हॅरिसन यांच्या हाती ती जगप्रसिद्ध झाली. परंतु ध्वनिवर्धकाच्या आवाजाने फळी थरथरून शिट्टी वाजू नये म्हणून त्या गिटारची वरची फळी अखंड लाकडाऐवजी प्लायवुडची केलेली होती आणि तिचा स्वतःचा, विजेविना येणारा आवाज त्या प्रमाणात कोता होता. चांगल्या गिटारमध्ये नंतर पिकअप बसवून घेणाऱ्याला नेमकी ही किंमत टाळायची असते, आणि कारागिराची गरज तिथूनच सुरू होते.

बसवण्याच्या दृष्टीने पिकअपच्या तीन जाती मानाव्यात. मधल्या गोल छिद्रात दोन स्क्रूंनी आवळून बसणारा चुंबकीय पिकअप घरच्या घरी बसतो. त्यासाठी मजुरी मोजणे ही निव्वळ हौस होय. दुसऱ्या जातीत नाण्यासारख्या चकत्या ब्रिजच्या, म्हणजे फळीवर तारा अडकवलेल्या लाकडी तुकड्याच्या, खाली पेटीच्या आतून चिकटवतात. तिथे छिद्रातून हात घालून, आरशात पाहत, अंदाजाने जागा धरावी लागते. तिसरी जात म्हणजे सॅडलच्या, अर्थात तारा जिच्यावरून जातात त्या हाडाच्या पट्टीच्या, खाली दडणारी बारीक पट्टी. खरी परीक्षा हिची.

गिरगावातल्या एका चाळीच्या तळमजल्यावर एका वृद्ध गोवेकर कारागिराच्या समोर हे काम मी पाहिले. एक तरुण आपली गिटार घेऊन आला होता.

“अंकल, नुसतं भोकच तर पाडायचंय ना?”

“आधी वाजव बघू. पिकने वाजवतोस की बोटांनी, ते बघू दे.”

मुलाने थोडे वाजवले आणि मधूनच तळहाताने फळीवर थापा दिल्या.

“थापा मारतोस, त्या चकत्यांत चांगल्या येतात. वाजवतोस कुठं?”

“चर्चमध्ये. कधी लग्नात, बँडबरोबर.”

“मग ड्रम्सशेजारी चकत्या शिट्ट्या मारतील. सॅडलखालचीच घे. थाप थोडी दबेल, ती सोसायची.”

ही चौकशीदेखील मजुरीतच अंतर्भूत असते, हे त्या मुलाच्या ध्यानात आले की नाही, कोण जाणे. तारा उतरवल्यावर म्हाताऱ्याने आत दिवा आणि आरसा सरकवून फळीखालच्या आधारपट्ट्या कोठून जातात ते पाहिले, कारण वायरसाठीचे तीनेक मिलिमीटरचे भोक ब्रिजच्या ज्या टोकाला पाडायचे त्याच्या नेमके खाली अशी पट्टी असेल तर गिटारचा कणाच पोखरला जातो. मग सॅडलच्या खाचेचा तळ छिन्नीने सपाट झाला. त्यानंतर त्याने हाडाच्या सॅडलच्या बुडाला पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारल्या, काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर ते बूड घासले आणि डोळ्यांशी धरले: दोन्ही टोकांच्या रेघा पुसल्या होत्या, मधल्या शाबूत होत्या. म्हणजे मध्ये पोकळी होती, आणि नेमक्या मधल्या तारांचा दाब पिकअपवर पोचला नसता. सर्व रेघा एकदम नाहीशा होईपर्यंत हा उद्योग चालला. पिकअपच्या पट्टीची जाडी जेवढी, तेवढेच हाड बुडाकडून उतरवायचे. सॅडल एक मिलिमीटर उंच राहिले तर बाराव्या फ्रेटवर तारा अर्धा मिलिमीटर वर येतात आणि बोटांना ते तत्काळ जाणवते. सॅडल खाचेत घट्ट ठोकून चालत नाही, कारण मग दाब बाजूच्या भिंतीच खाऊन टाकतात; सैल ठेवून चालत नाही, कारण ते पुढे कलते. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्याला आपण त्याचा मेहनताना निमूट देतो. हे काम त्याच कुळातले आहे.

केबल खोचण्याच्या जॅकसाठी पट्ट्याच्या खुंटीच्या जागी सुमारे १२ मिलिमीटरचे भोक लागते. ते साध्या ड्रिलने एका दमात पाडले तर लाखेचा पापुद्रा उडतो, म्हणून जाणकार ते रीमरने टप्प्याटप्प्याने रुंदावतो. गिटारच्या कुशीत चौकोनी खिडकी कापून बटणांची पेटी बसवण्याच्या रिवाजाला मात्र माझा ठाम विरोध आहे. त्याच कामासाठी गोल छिद्राच्या काठाशी आतून बसणारी चाके मिळत असताना बरे लाकूड कापणे हा अविवेक होय. कंपनीची हमी अशा फेरफारानंतर टिकते की नाही, हेही आधी लेखी विचारून घ्यावे.

कित्येक तक्रारी कारागिराच्या माथी विनाकारण मारल्या जातात. दाबविद्युत पिकअपला निदान एक मेगाओहमचा प्रवेशरोध हवा असतो. प्रीअँपवाचून तो थेट मिक्सरला जोडला तर खर्ज गळून पडतो आणि आवाज टिनपाट येतो, तो दोष बसवणाऱ्याचा नव्हे. नऊ व्होल्टची बॅटरी असलेल्या पिकअपमध्ये केबल खोचताच विद्युतप्रवाह सुरू होतो. रात्रभर केबल आत ठेवणाऱ्याने दुसऱ्या दिवशीच्या मुकेपणाची कैफियत कोणाकडे मांडावी? कोकणपट्टीच्या पावसाळ्यात मात्र लाकूड ओलावा शोषून फुगते, फळी वर उचलली जाते आणि काळजीपूर्वक बसवलेल्या सॅडलचीही उंची पुन्हा पाहावी लागते. ही पहिली फेरतपासणी मूळ मजुरीत धरलेली आहे किंवा कसे, याचा खुलासा गिटार हवाली करतानाच करून घ्यावा आणि नवे सॅडल बसवले असेल तर जुने मागून परत न्यावे.