मोरे ईलच्या फोटोत काय दिसत नाही

आधी हा फोटो बघा. खडकाच्या कपारीतून बाहेर आलेलं डोकं, आ वासलेलं तोंड, आत टोकदार दात. हा मोरे ईल. (आडनावाशी संबंध नाही! बाजारात मिळणाऱ्या वामीचा हा लांबचा नातलग.) अंदमानात स्वराज द्वीपजवळ डायव्हिंग करताना आम्ही हा फोटो काढला आणि खाली मोठ्या हौसेने लिहिलं, ‘चिडलेला मोरे’. ते साफ चूक होतं.

तो श्वास घेत होता. बहुतेक माशांच्या कल्ल्यांवर हलणारं मोठं झाकण दिसतं. मोरेला डोक्यामागे दोन्ही बाजूंना नुसतं बारीक भोक. म्हणून तोंडाची उघडझाप करत तो कल्ल्यांवरून पाणी ढकलत राहतो. त्याचं खरं हत्यार तर फोटोत येतच नाही. घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या दातांनी भक्ष्य धरलं की ही जोडी पुढे येते, त्याला पकडते आणि आत ओढते. रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी २००७ साली ‘नेचर’मध्ये हे दाखवून दिलं.

आता प्रकाशाचं. पाणी आधी लाल रंग गिळतं. दहा मीटरवर तपकिरी, ठिपकेदार ईल फ्लॅशशिवाय निळाकरडा दिसतो. पण फ्लॅश लेन्सला चिकटून ठेवला तर पाण्यातले कण उजळतात. घाटात धुक्यात गाडीचे दिवे अप्पर केले की समोर पांढरी भिंत उभी राहते ना, तसंच! म्हणून दोन फ्लॅश लांब दांड्यांवर, दोन्ही बाजूंना. फोकस डोळ्यावर. आणि झूम करण्यापेक्षा जवळ जायचं, कारण मधलं पाणी जितकं कमी तितका फोटो स्वच्छ.

पण जवळ म्हणजे किती? इथेच आम्ही घोळ घातला. त्या दिवशी एक कोळंबी त्याच्या तोंडाची साफसफाई करत होती. आम्ही आणखी पुढे सरकलो, ईल आत गेला, कोळंबीचं काम थांबलं. मागे सरताना आमच्या पायातल्या फिनने प्रवाळाची एक फांदी मोडली. अशी फांदी वर्षाला काही सेंटिमीटरच वाढते. हे सगळं लेन्सच्या मागे घडलं, म्हणून फोटोत नाही.

तेव्हा कॅमेरा नंतर, आधी तरंगणं शिका. काही न धरता, खडकाला न टेकता एका जागी राहता आलं पाहिजे. त्यासाठी श्वास मात्र रोखायचा नाही. कोंडलेल्या श्वासाने थोडं जरी वर आलात तरी फुप्फुसं फाटू शकतात. ईलला खाऊ दाखवून बाहेर बोलवू नका. त्याची नजर अधू, नाक तिखट. मासा कुठे संपतो आणि बोट कुठे सुरू होतं हे त्याला कळत नाही. त्यात बोटं गमावलेले डायव्हर आहेत.

आम्ही आता हात-दीड हात अलीकडे थांबतो. तो आत गेला तर पाठलाग नाही. बऱ्याचदा थोड्या वेळाने डोकं परत बाहेर येतं, कधी येत नाही. त्या जुन्या फोटोखालची ओळ मात्र बदलली आहे: ‘श्वास घेणारा मोरे’.